तुसाचा चौथा खोका

आठवीला विज्ञान शिकवायला लागून मला अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माझा एकही प्रयोग फसला नाही, असं मी शिक्षकांच्या खोलीत अधूनमधून सांगत असे. आता सांगत नाही.

आमची शाळा लगुना सरोवराच्या काठी आणि वर्गावर नुसता पत्रा. एप्रिलात तिथे बसणं म्हणजे झाकण घातलेल्या कढईत बसणं. गेल्या वर्षी दोन मुली भोवळ येऊन पडल्या. म्हणून नगरपालिकेनं जाहीर केलं, की टाकाऊ वस्तूंतून ऊन अडवणारा थर जी शाळा शोधेल, तिच्या वर्गांना पत्र्याखाली छत घालून मिळेल.

"छत आपलंच समजा," मी मुख्याध्यापिका युफेमिया मॅडमना म्हणालो.

"सौरचूलही आपलीच समजायची होती," मॅडम म्हणाल्या. तो भात अजून शिजतोय.

प्रयोग अगदी सोपा. चार खोके. एकात जुन्या जीन्सचे तुकडे, दुसऱ्यात चुरगळलेली वर्तमानपत्रं, तिसऱ्यात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, चौथ्यात भाताचं तूस. प्रत्येकात साठ अंशांच्या गरम पाण्याची बाटली. जी सगळ्यात उशिरा थंड होईल, तिचा थर खरा.

तूस आणायचं काम अरिस्तोनचं. त्याची ओपेंगमावशी बदकांची अंडी उबदार तुसात ठेवते. अठराव्या दिवशी बरीचशी उकडून बालुत म्हणून विकते, थोडी कळप वाढवायला मागे ठेवते. अरिस्तोन घामाघूम होऊन पोतं घेऊन आला.

"सर, आत तुसाचं एक गाठोडं आहे. सोडू?"

"वेळ घालवू नकोस. तळाला तसंच ठेव."

"जड आहे, सर."

"ओलसर असेल."

सोमवारी सकाळी खोके बंद केले. भोकातून थर्मामीटर आत, आणि माझी ताकीद, की झाकणाला कुणी हात लावायचा नाही. संध्याकाळपर्यंत वर्तमानपत्रं आणि ट्रे गारठले, जीन्सनं त्यातल्या त्यात तग धरला. चौथा खोका अडतीस अंशांवर उभा.

मंगळवारी सकाळी बाकी तिन्ही खोके वर्गाच्या हवेइतकेच, चौथा अडतीस. बुधवारी अडतीस.

वहीत आकडे लिहिणारी लुनिंगनिंग कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे आली. "सर, बाटली तर कधीच निवली असणार. मग उष्णता येते कुठून?"

"येत नाही, बाळ. जातच नाही. हाच तर शोध."

"पण दोन दिवस?"

"मोठ्या शोधांवर आधी सगळे असंच हसतात."

"मी हसत नाहीये, सर. मी विचारतेय."

तेव्हाच ऐकायला हवं होतं. पण मी तोवर मॅडमच्या खोलीत पोचलो होतो. मॅडमनी नगरपालिकेत फोन केला, आणि गुरुवारी सकाळी शाळेच्या फाटकावर फलक झळकला. त्यावर महापौरांचा चेहरा बैलगाडीच्या चाकाएवढा आणि कोपऱ्यात माझं नाव, तेही चुकलेलं.

मैदानात सगळी शाळा जमली. महापौर चौथ्या खोक्यापाशी वाकले आणि त्यांनी कान लावला.

"आतून आवाज येतोय."

"उष्णता आहे, साहेब," मी म्हणालो. "कोंडली की कुरकुरते."

लुनिंगनिंगनं डोळे मिटून घेतले.

महापौरांनी झाकण उचललं. सुटलेल्या गाठोड्याच्या तुसातून एक पिवळं डोकं वर आलं. मग दुसरं. मग सात-आठ एकदम. पहिल्यानं महापौरांकडे टक लावून पाहिलं आणि आयुष्यभराचा निर्णय घेऊन टाकला. महापौर एक पाऊल मागे सरले. पिल्लू खोक्यातून टुपकन खाली पडलं आणि त्यांच्या मागे निघालं. बाकीचीही निघाली. महापौरांनी चाल वाढवली तशी पिल्लांनीही वाढवली. ध्वजाच्या खांबाला सन्मान्य पाहुण्यांच्या दोन प्रदक्षिणा झाल्या.

तेवढ्यात फाटकातून ओपेंगमावशी पदर नसूनही पदर खोचल्यासारखी आली.

"अरिस्तोन, मेल्या, तीन दिवस अंडी शोधतेय मी! दाराजवळचं पोतं ने म्हटलं होतं ना?"

"दाराजवळचंच नेलं, मावशी."

"बाहेरच्या दाराजवळचं! हे आतल्या दाराजवळ होतं. पिल्लं बाहेर यायला आलेली अंडी ती. स्वतःच्या उबेनं गरम राहतात, हे शेंबडं पोरही सांगेल."

सगळ्या शाळेनं माझ्याकडे पाहिलं. मी थर्मामीटर पुसायला घेतला.

महापौर धापा टाकत माझ्यासमोर थांबले, बुटाभोवती पिल्लं. "म्हणजे शोधबिध काही नाही?"

लुनिंगनिंग वही घेऊन पुढे झाली. तिनं शेवटपर्यंत वाचलं. "तुसाचा खोका बाद धरा. उरलेल्या तिन्हींत जीन्स पहिली. दर तासाचे आकडे आहेत. आणि चौथ्याचं काहीतरी चुकतंय, हे मी मंगळवारीच इथे लिहिलंय."

महापौरांनी वही हातात घेऊन पानं उलटली. बराच वेळ उलटली.

"या मुलीचे आकडे खरे दिसतात," ते म्हणाले. "आणि हिचं कुणी ऐकलं कसं नाही?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. मोठ्या मनाच्या आहेत.

जूनमध्ये छत झालं. गावभरच्या जुन्या जीन्स पत्र्याखाली गेल्या. वर्ग आता चार अंशांनी गार असतो. लुनिंगनिंग रोज मोजते. भोवळ येऊन कुणी पडत नाही. फक्त माझ्या तासाला मागचे दोन बाक झोपतात. पूर्वीही झोपायचे, पण तेव्हा मी उन्हाला दोष द्यायचो.