हवेलीला नावं ठेवायचा महिना

खरेदी कशी करायची ते मला विचारा! यॉर्कशायरला आमच्या गल्लीत कुणाला जुनी मोटार घ्यायची असो की गवत कापायचं यंत्र, आधी डेस्मंड पिकर्सगिलला, म्हणजे मला, सोबत नेत. त्यामुळे निवृत्त झाल्यावर इटलीत, मार्के प्रांतातल्या एका टेकडीवरची सोळाव्या शतकातली हवेली घ्यायचं ठरलं, तेव्हा मी बायकोला म्हणालो, "ग्वेन्डा, तू फक्त पडदे निवड. बाकी माझ्यावर सोड."

आणि खरंच, सगळं झटक्यात झालं. हवेली, तिचं चिमुकलं प्रार्थनाघर, ऑलिव्हची बाग, खालचा द्राक्षमळा, सगळ्याचा भाव ठरला, जुन्या मालकाच्या वारसांनी करारावर सह्या केल्या, मी इसार दिला. ग्वेन्डा शाळेत इटालियन शिकवायची आणि तिच्यामुळे मलाही ती नीट येते, तेव्हा भाषेचीही अडचण नव्हती. आम्ही हॅरोगेटचं आमचं राहतं घर विकलं. ग्वेन्डाने तिथले गुलाबसुद्धा उपटून कुंड्यांत घातले आणि आम्ही टेकडीखालच्या गावात बेकरीच्या वर एक खोली घेऊन राहिलो, कुंड्यांसकट.

मग आमच्या दलालाने, रुज्जेरोने, कॉफी ढवळता ढवळता सांगितलं, की एक बारीकशी गोष्ट राहिली आहे. इथे शेतजमीन विकली जात असेल तर बांधावरच्या शेतकऱ्याचा पहिला हक्क असतो. आमचा करार सगळ्याचा एकच, तेव्हा ठरलेल्याच भावात त्याने घेतो म्हटलं की हवेलीसकट सगळं त्याचं. विचार करायला त्याला महिनाभर मुदत.

"तो काही घेणार नाही," रुज्जेरो म्हणाला. "फक्त महिनाभर त्याच्या वाटेला जाऊ नका."

आणि घेतली तर? इसार परत मिळाला असता हो, पण राहायचं कुठे? हॅरोगेटच्या घरात एव्हाना एका दंतवैद्याची मुलं जिन्यावरून घसरत असणार. राहता राहिला डॉनकास्टरचा माझा भाऊ आणि त्याच्या अंगणातली ती ओलसर कॅरॅव्हॅन.

पण शेजारी राहायला जायचं आणि ओळख करून घ्यायची नाही, हे कुठल्या इंग्रज माणसाला जमेल? तीन रात्री मी तळमळलो. रविवारी ग्वेन्डाने फळांचा केक केला आणि आम्ही त्या शेतकऱ्याचं दार वाजवलं.

ओर्फेओ बार्तोलाच्ची म्हणजे लाख माणूस. त्याची बायको इव्हाना त्याहून भली. केक घेऊन परत जायचं सोडाच, आम्हाला जेवायला बसवलं. भरलेली ऑलिव्ह आली, पास्ता आला, ससा आला. सशाच्या वेळी ओर्फेओने ग्लास उचलला आणि म्हणाला की फार सुंदर जागा घेतलीत, अभिनंदन.

आता आमच्यात आपल्या वस्तूची स्तुती ऐकून गप्प बसणं म्हणजे चारचौघांत ढेकर देणं. जीभ आपोआप वळली. म्हटलं, "छे हो, कसली सुंदर! पडकं घर आहे. म्हातारपणी सुचलेलं खूळ, दुसरं काय."

ओर्फेओचा काटा हवेतच थांबला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण दवाखान्याबाहेर बसलेल्या माणसाकडे पाहतो. मग म्हणाला, असं कसं, भिंती केवढ्या जाड आहेत! मी म्हटलं, छपराचं काय? तो म्हणाला, असलं छप्पर आता कोण बांधतं! ग्वेन्डाने स्वयंपाकघर अंधारं असल्याचं सांगितलं, त्यावर इव्हानाने सकाळच्या उन्हाचं वर्णन केलं. आम्ही एक खोड काढायची, त्यांनी दोन गुण सांगायचे. शेवटी ओर्फेओने बायकोकडे पाहिलं आणि तिने हळूच मान डोलावली.

घरी येताना आम्ही अगदी खुशीत होतो. बेकरीचा जिना चढता चढता माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या माणसाच्या खिशात ती जागा घ्यायचा हक्क, त्याच्याच तोंडून दोन तास आपण तिचे गुण वदवून घेतले होते!

रुज्जेरोला सांगितलं तर तो धपकन खुर्चीत बसला. "जागेबद्दल काही बोललात?"

"फक्त वाईटच बोललो," मी म्हणालो.

त्याने डोक्याला हात लावला.

मग मी निस्तरायला निघालो. ओर्फेओला गाठून जागेची अशी काही निंदा केली, की ती ऐकून कुत्रंही तिकडे फिरकलं नसतं. माती नुसती दगड, पाण्याचा पत्ता नाही. त्याने माझं कोपर धरलं आणि मला विहिरीवर नेलं. त्याच्या आजोबांनी ही जमीन अर्धलीने, म्हणजे निम्म्या पिकाच्या बोलीवर, कसली होती म्हणे. असं पाणी पंचक्रोशीत नाही म्हणे. मी जितका रडलो तितकी ती जागा सोन्याची होत गेली.

ग्वेन्डा म्हणाली, "तू वाईट बोललास की तो चांगलं बोलतो ना? मग तू चांगलं बोलून बघ." मला पटलं. मी पुन्हा गेलो आणि सगळा धीर गोळा करून म्हणालो की जागा तशी झकास आहे. आता जन्मात हा शब्द वापरलेला नाही, तो किती मरगळलेला निघाला असेल! ओर्फेओने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बिचारा," एवढंच म्हणाला.

त्यानंतर बातम्या यायला लागल्या. खालच्या बेकरीवाल्या बाईने सांगितलं, की ओर्फेओ कोट घालून बँकेत बसला होता. ओर्फेओ आणि कोट! मग इव्हाना आमच्या बांधावरून चालताना दिसली. मला जेवण जाईना. ग्वेन्डाने पडद्यांचे नमुने पिशवीत घातले आणि शांतपणे विचारलं, "कॅरॅव्हॅनमध्ये गुलाब राहतील का रे?" मी कुंड्या मोजत बसलो.

मुदत संपायच्या दिवशी नोटरीबाईंच्या कचेरीत आम्ही सगळे जमलो. ओर्फेओ लग्नातला सूट घालून आला होता. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मी घेतो."

मग माझ्याकडे वळला. "साहेब, आता काळजी सोडा. तुम्ही सुटलात."

त्याने स्वतःचं शेत गहाण टाकलं होतं, तो सांगत होता, इव्हाना आधी नको म्हणाली, पण भला माणूस खड्ड्यात उतरताना दिसतोय आणि आपण नुसतं बघत बसायचं, हे तिलाही पटेना. बोलताना त्याचे डोळे भरून आले. माझ्या तोंडून काय निघालं असेल? "छे छे, तुम्हाला उगाच त्रास."

"त्रास कसला!" ओर्फेओ म्हणाला. नोटरीबाईंनी पेन उघडलं.

मी ग्वेन्डाकडे पाहिलं. ती रडत होती. आमचं कुत्रं गेलं तेव्हाही ती परसात जाऊन रडली होती, आणि आज चार परक्या माणसांसमोर! माझ्या कानांतून वाफा निघाल्यासारखं झालं. मी उठलो.

"मला ती हवी आहे."

"काय?" ओर्फेओने विचारलं.

"हवेली. मला ती फार आवडते. पहिल्यांदा पाहिली तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. ती गेली तर मी... आम्ही दोघं..." नोटरीबाईंनी हळूच विचारलं, की हे कागदावर घ्यायचं आहे का.

ओर्फेओ माझ्याकडे बघतच राहिला. "मग महिनाभर शिव्या कशाला घालत होता?"

"आमच्यात तसंच बोलतात."

"आवडत्या गोष्टीबद्दल?"

"आवडत्या गोष्टीबद्दलच."

त्याने टाय सैल केला. मग ग्वेन्डाकडे बघून चाचरत विचारलं, "आणि वहिनींबद्दल काय बोलतात?"

"मी तशी वाईट नाही म्हणतात," ग्वेन्डा डोळे पुसत म्हणाली.

इव्हाना खो खो हसत सुटली आणि ओर्फेओने हक्क सोडल्याच्या कागदावर इतक्या घाईने सही केली, की पेनाचं टोक वाकलं. मग नोटरीबाईंनी खरेदीखत मोठ्याने वाचलं, आम्ही सह्या केल्या, किल्ल्या ग्वेन्डाच्या हातात पडल्या.

बाहेर ओर्फेओने मला कडकडून मिठी मारली. कानाशी लागून म्हणाला, "आता शेजारी झालात म्हणून सांगतो. छप्पर गळतं. विहीर उन्हाळ्यात आटते. माझे आजोबा तिथून पळून गेले होते. तुम्ही बोलत होता ते शब्दन्‌शब्द खरं होतं हो! तुमचा चेहरा बघवेना, म्हणून मी आपला धीर देत होतो."

तो गेला. ग्वेन्डा किल्ल्या घेऊन माझ्याजवळ आली. "कसं वाटतंय?"

"फार फार आनंद झालाय," मी म्हणालो.

तिने घाबरून माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.