कापसाच्या खोलीवरचा लाइट

देऊळघाटात कोणाला काही विकत घ्यायचं असलं, पंखा म्हणा, पाण्याची टाकी म्हणा, लग्नातली भांडी म्हणा, तर आधी इंद्रभानला विचारायची पद्धत होती. निदान इंद्रभानचं म्हणणं तरी तसं होतं. वस्तू हातात घ्यायची, उलटी करायची, बोटानं ठोकून कान लावायचा, आणि दुकानदाराकडे असं बघायचं की त्या बिचाऱ्याला आपण चोरीचाच माल विकतोय असं वाटायला लागावं! साठी उलटली तरी त्याची ही पारख कमी झाली नव्हती. उलट गेल्या दोन वर्षांत फारच वाढली होती. घरात लागो न लागो, तो काहीतरी पारखून आणत होता.

त्या हिवाळ्यात सगळ्या गावाचा कापूस घरातच होता. मागल्या साली भाव चढला होता, म्हणून यंदा सगळ्यांनी माल रोखून धरला, आणि भाव मात्र रुसलेल्या जावयासारखा जागचा हलेना. कापूस आत आणि माणसं ओसरीत, अशी गत झाली होती. कापसातल्या बारीक किड्यांमुळे दिवसभर खाजवणारी माणसं दिसली की समजावं, यांच्याकडे माल बराच आहे. इंद्रभानचा कापूस अंगणातल्या टिनाच्या खोलीत छतापर्यंत रचलेला होता.

एक दिवस सकाळी त्याच्या लक्षात आलं की ढिगाच्या एका कोपऱ्यात खळगा पडलाय. कोणी बसून उठावं तसा. त्यानं कापूस सारखा केला. दुसऱ्या दिवशी खळगा पुन्हा होता, आणि दाराची कडीही वेगळ्या तऱ्हेनं लावलेली. चोर रोज थोडा थोडा माल नेतोय, हे त्यानं ताडलं. ढीग तर काही कमी दिसत नव्हता. म्हणजे चोर फारच हुशार होता.

हे त्यानं बायकोला, कोकिळाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, मांजर बसत असेल. मांजर जाताना कडी लावून जाते काय, असं इंद्रभाननं विचारलं, तेव्हा तिनं पुढची भाकरी थापायला घेतली. खोलीवर सोलरचा लाइट बसवायचा बेत ऐकून मात्र तिनं हात थांबवला. कशाला पाहिजे लाइट, आपला कापूस कोण नेतो, असं दोनदा म्हणाली. वस्तूंमधलं बायकांना काही कळत नाही, अशी मनाची समजूत घालून इंद्रभान घराबाहेर पडला.

बसस्टँडजवळ कय्यूमभाईचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. कय्यूम तिथला जुना माणूस, इंद्रभानपेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. लाइट निवडायला इंद्रभानला तीन दिवस लागले. पहिला लाइट जमिनीत खुपसायचा होता. तो बकऱ्या खातील म्हणून बाद झाला. दुसरा रात्रभर मंद जळणारा. त्यानं चोराचीच सोय होईल, म्हणून तोही बाद. तिसरा माणूस समोर आलं की लागायचा आणि निघून गेलं की विझायचा. तो घ्या, तुम्हाला तेवढा पुरे, असं कय्यूमनं कळकळीनं सांगितलं. पण तेवढ्यात इंद्रभानची नजर वरच्या फळीवर गेली. तिथे तीन फण्यांच्या नागासारखा एक लाइट होता, आणि त्याला भोंगा होता.

"भाऊ, ह्याले चोरच लागते असं नाही," कय्यूम म्हणाला. "समोर काहीही हाललं का बोंबलते."

"मले तेच पायजे," इंद्रभान म्हणाला, आणि त्यानं लाइट ठोकून कान लावला.

बसवायचं कामही त्यानं स्वतःच केलं. दारावर, अगदी कडुनिंबाच्या दाट सावलीत. चार दिवस लाइट मेल्यासारखा होता. रोज दिवेलागणीला इंद्रभान त्याच्यासमोर जायचा, दोन पावलं पुढे, दोन मागे, मग हात पसरून एक उडी. शेजारचे किसनराव चहाची कपबशी घेऊन ओट्यावर येऊन बसायला लागले. आमच्या गल्लीत असा कार्यक्रम पूर्वी नव्हता, असं त्यांनी बोलूनही दाखवलं.

कोकिळाही हे पाहत होती. लाइट काही लागत नाही, हे पाहून तिचा जीव भांड्यात पडला होता. पण ते इंद्रभानला कुठून कळणार?

पाचव्या दिवशी ती शेवटच्या वेचणीला शेतात गेलेली असताना कय्यूम आला. सोलरला ऊन लागतं, एवढंच तो म्हणाला, आणि लाइटची सोलरची पाटी काढून टिनावर उन्हात लावून गेला. दुपारी किसनरावांची कोंबडी दारासमोरून गेली आणि असा काही भोंगा वाजला की ती दोन दिवस अंडं विसरली! इंद्रभानची छाती फुगली. संध्याकाळी तो पारावर जाऊन बसला आणि आपल्या लाइटचे गुण चारचौघांना सांगू लागला. कोकिळा शेतातून कधी आली, हे त्यानं पाहिलंच नाही.

दिवेलागणीला भोंगा वाजला.

पारावरची सगळी माणसं उठली. पुढे इंद्रभान, मागे किसनराव काठी घेऊन, आणि त्यांच्यामागे ज्यांना काही काम नव्हतं ते सगळे, म्हणजे अर्धं गाव. खोलीचं दार आतून ओढलेलं होतं. इंद्रभाननं झडप घालून बाहेरून कडी लावली आणि चोर सापडल्याचं जाहीर केलं. पण पुढे काय करायचं ते कोणाला ठरवता येईना, कारण भोंग्यामुळे कोणाचं बोलणं कोणाला ऐकूच येत नव्हतं. जितकी माणसं हलत, तितका तो जोरात ओरडे. इंद्रभाननं खिशातून रिमोट काढून एक बटण दाबलं, तर लाइट वरातीतल्यासारखा लुकलुकायला लागला. शेवटी धावत आलेल्या कय्यूमनं पलीकडचं पोतं उचलून त्या तिन्ही फण्यांवर टाकलं. भोंगा थांबला.

त्या शांततेत आतून आवाज आला.

"मी हाय."

इंद्रभाननं आवाज ओळखला. किसनरावांनीही ओळखला असावा, कारण त्यांची काठी खाली आली. पुढे काय होणार म्हणून सगळे माना लांब करून उभे होते. तेव्हा कय्यूम वळला आणि लोकांना म्हणाला की मशीनच खराब आहे, विकण्यात माझीच चूक झाली, आत मांजराशिवाय कोणी नाही, घरी जा. मांजर बोललेलं सगळ्यांनी ऐकलं होतं. पण कय्यूम असा काही उभा होता की एकेक जण पायात चपला सरकवून निघून गेला. शेवटी तोही गेला.

इंद्रभाननं कडी काढली. कोकिळा ढिगाच्या कोपऱ्यात, त्या खळग्यात बसली होती. केसांना, पदराला, ओल्या गालांनाही कापूस चिकटलेला.

पोरगा झाल्यापासून त्यानं तिला 'गोविंदाची माय' अशीच हाक मारली होती. दोन पावसाळ्यांपूर्वी गोविंदा गेला. चोवीस वर्षांचा पोरगा. बीटी कापसाला अळी लागत नाही असं सगळे म्हणायचे. अळीला ते कोणी सांगितलं नव्हतं. डोक्याएवढ्या उंच कापसात औषध फवारता फवारता त्याला भोवळ आली आणि बुलडाण्याच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तो संपला. तेव्हापासून इंद्रभाननं बायकोला कोणत्याच नावानं हाक मारली नव्हती. 'ऐकलं का' म्हणून भागवलं होतं.

"इथं काऊन बसली?" त्यानं विचारलं.

"तेरवीच्या दुसऱ्या दिवशी तुमीच म्हनलं ना, आता ह्या घरात रडाचं नाही." तिनं पदरानं नाक पुसलं. "मी घरात नाही रडली."

इंद्रभान दारातच उभा राहिला. तो असं म्हणाला होता खरा. रडून काय होतं, घर चालवायचं आहे, असंही म्हणाला होता, आणि त्याच दुपारी बाजारात जाऊन, घरात एक धड असताना दुसरा मिक्सर पारखून आणला होता. दोन वर्षं बाई घराबाहेर जागा शोधत होती. पावसाळ्यात बैलांच्या कोठ्यात, उन्हाळ्यात विहिरीमागे, आणि आता इथे, जिथे आवाज कापसात मुरतो.

तो खाली बसला. बराच वेळ ढिगातून सरकी चिमटीत धरून काढत राहिला.

"तो पंप म्या निवडला होता," तो म्हणाला. "फवारनीचा. चार दुकानं पाहून. ठोकून आनला होता. त्याचंच झाकन गळलं पोराच्या पाठीवर."

"मले मालूम हाये."

"तू बोलली नाही कधी."

"तुमाले बोलून काय भेटनार होतं मले?" कोकिळा म्हणाली. "मले तर वाटे, हे एकदा तरी रडतीन. तर तुमी मिक्सर घेऊन आले."

दुसऱ्या दिवशी इंद्रभान दुकानात गेला. लाइट परत घेतो, असं कय्यूम स्वतःहून म्हणाला, पण इंद्रभाननं नुसतं भोंगा बंद कसा करायचा ते विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो दुकानात काही विचारत होता. कय्यूमनं येऊन भोंग्याची वायर कापली.

संध्याकाळी भाकरी झाल्यावर कोकिळा अंगणात घुटमळायला लागली. तू बस निवांत, मी लाइटसुद्धा झाकून टाकतो, असं इंद्रभाननं तिला सांगितलं.

"लाइट राहू द्या," ती म्हणाली. "अंधारात बसून बसून कटायली मी."

ती आत जाऊन बसली. दार उघडंच ठेवलं, आणि इंद्रभाननं लाइटचा एक फणा आत वळवला. लाइटचा उजेड थेट ढिगापर्यंत पोचला. इंद्रभान बाहेर उंबऱ्याशी बसला आणि थोड्या वेळात लाइट विझला. तेव्हा त्याला कळलं की समोर काही हललं नाही तर हा अर्ध्या मिनिटात झोपतो. त्यानं हात हलवला. लागला. पुन्हा विझला. पुन्हा हात.

तेव्हापासून इंद्रभान रोज संध्याकाळी कापसाच्या खोलीच्या दारात बसून, अर्ध्या अर्ध्या मिनिटानं, समोर कोणी नसताना हात हलवताना दिसू लागला. रस्त्यानं जाणारे रामराम म्हणून उलटा हात करत. किसनरावांनी पहिले दोन दिवस ओट्यावरून मनापासून हात हलवला, मग त्यांचा खांदा दुखायला लागला. विचारलं तर इंद्रभान सांगे, मशीन तपासून राह्यलो.

चौथ्या दिवशी, आतून हुंदका आला तेव्हा, तोच हात त्यानं डोळ्यांकडे नेला. यंत्राला काय, हात कशासाठी हलला ते त्याला कळत नाही. लाइट लागला, आणि त्या लख्ख उजेडात अख्ख्या गल्लीनं पाहिलं.