दुसऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकावू नये

आमच्या ऑफिसात माहितीच्या गुप्ततेचा एकच रखवालदार होता, तो म्हणजे मी. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून चिकटवू नका, लिफ्टमध्ये गिऱ्हाइकांची नावं घेऊ नका, उठताना स्क्रीन लॉक करा आणि दुसऱ्याच्या स्क्रीनमध्ये कधीही डोकावू नका, असं मी जेवणाच्या सुट्टीतसुद्धा ऐकवायचो. लोक डबे घेऊन गच्चीवर पळू लागले, तर मीही गच्चीवर जायला लागलो. त्या दिवशी दुपारी साहेब मला माहिती सुरक्षा अधिकारी नेमणार होते. बायकोला मी सकाळीच सांगून टाकलं होतं.

आमच्याकडे शिक्षाही होती. कुणाची स्क्रीन उघडी दिसली की तिथं बसून त्याच्याच नावानं सगळ्यांना एक मेल ठोकायची. शिक्षा अर्थातच मी काढलेली.

नेमका त्या दिवशी आमच्या खोलीला रंग देत होते, म्हणून सगळे कॉम्प्युटर बैठकीच्या लांब टेबलावर ओळीनं मांडले होते. सगळे एका साच्यातले. मी चहाचा कप घेऊन आलो, तर एक स्क्रीन सताड उघडी! बाजूला हिशेब सांभाळणाऱ्या ताईंची पर्स. ताई लॉक लावायला हमखास विसरायच्या. मला तर आनंदाचं भरतं आलं.

पण नियम म्हणजे नियम. दुसऱ्याचं काही वाचायचं नाही, म्हणून मी डोळे बारीक करून, मान वळवून नवी मेल तेवढी उघडली आणि लिहिलं, 'मी राजीनामा देत आहे. इथं कुणाला काडीची अक्कल नाही. साहेबांना तर नाहीच नाही.' पाठवली, स्क्रीन लॉक केली आणि बिस्किटं आणायला गेलो.

परत येतो तर ताईंचे डोळे भरलेले.

"अहो, एवढं मनात साठलं होतं, तर बोलायचं नाही का आमच्याशी?"

"मी कशाला बोलू? राजीनामा तुम्ही दिलाय ताई," मी हसून म्हणालो.

त्यांनी आपला मोबाइल माझ्यापुढं धरला. मजकूर माझा होता. खाली आपोआप उमटणारं नावही माझंच होतं. जी स्क्रीन दिसू नये म्हणून मी मान वळवली होती, ती माझी स्वतःची होती.

तेवढ्यात साहेबांनी आत बोलावलं.

"साहेब, हे माझं मत नाही. माझी स्क्रीन उघडी राहिली होती, त्याचा कुणीतरी..."

"कुणी?"

खोटं बोलावं, तर छताला कॅमेरा. तोही माझ्याच आग्रहानं बसवलेला.

"मीच, साहेब."

साहेब बोटं मोजू लागले. "म्हणजे उघडी ठेवली तुम्ही, आत शिरलात तुम्ही, आणि अक्कल काढली माझी?"

"हो. पण वाचलं काहीही नाही."

नोकरी वाचली. ते पद मात्र ताईंना गेलं.

"लॉक लावायला विसरणाऱ्या बाईंना?" मी न राहवून विचारलं.

"आज त्या ओळीत एकच स्क्रीन उघडी होती," साहेब म्हणाले.

बाहेर ताई पर्स उचलत होत्या. "तुमचे उपकार हो," त्या अगदी मनापासून म्हणाल्या. "रोज गच्चीवर येऊन कान किटवलेत, म्हणून सवय लागली मला."