गिलासअप्पा

महारुद्रप्पा माणसाला तोंडावरून ओळखत नसत, पाठीवरून ओळखत. समोर जाऊन उभे राहिलात तर "कोन पावनं?" म्हणून विचारायचे. दोन पावलं पुढं गेलात की मागून हाक यायची, "आरं अर्धापूर! डावा खांदा पुन्ना उतरला की तुझा!"

अर्धापूर म्हणजे मी. नावंही त्यांच्या लक्षात राहत नसत, म्हणून ज्याला त्याला ते गावाच्या नावानं हाक मारायचे. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा नांदेडच्या कचेरीतून माझी इथं बदली झाली होती. जिल्हा नवा, पण दुष्काळ जुनाच. घर तिसऱ्या मजल्यावर आणि नळ कोरडा. रोज चार घागरी वर चढवून महिनाभरात माझी कंबर अशी धरली, की खाली पडलेला पेन उचलायला शिपायाला बोलवावं लागे. सगळ्या कचेरीनं एकमुखानं सांगितलं, "गिलासअप्पाकडं जावा."

गंजगोलाईच्या बाजारात अप्पांचं काचसामानाचं दुकान होतं. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात बिनबाह्यांची बंडी. दुकानात पुढं कपबश्या आणि बरण्या, मागं पडद्याआड एक लांब बाकडं. तरुणपणी माल आणायला हैदराबादला गेले असताना खोका उचलताना त्यांची पाठ भरली होती. तिथल्या एका म्हाताऱ्या चिनी वैद्यानं पाठीवर पेले लावून त्यांना उभं केलं. अप्पा त्याच्याकडं तीन महिने राहिले, आणि काच विकणारा माणूस काच लावायला शिकून परत आला. त्या वैद्याला ते 'उस्ताद' म्हणत, आणि म्हणताना कानाला हात लावत.

"पालथा हो," अप्पा मला म्हणाले. जाड काचेचा गिलास घेतला, चिमट्यातला स्पिरिटचा बोळा पेटवून आत फिरवला, काढला आणि गिलास फटकन माझ्या पाठीवर बसवला. कातडी पुरीसारखी आत फुगली. असे सहा.

"आमच्याकडं वैदू तुंबडी लावतात, तसंच का हे?" मी बाकड्यात तोंड खुपसूनच विचारलं.

अप्पांना राग आला. "तुंबडीवाला रगत काढतो. आपुन नुसतं दुखनं वर बोलावतो. आलं तर आलं."

मग त्यांनी माझ्या मणक्यावरून बोट फिरवलं. "हे बग. मान म्हंजे लातूर. कंबर म्हंजे कुर्डुवाडी. तुजी गाडी बार्शीला आडकून ऱ्हायली. पुडं समदं मोकळं हाय, इंजिनात बिघाड न्हाई."

वीस मिनिटं गिलास काढायचे नाहीत आणि रोग्यानं गप्प पडायचं, हा नियम. बोलायचं फक्त अप्पांनी. घरी गेल्यावर बायकोनं पाठीवरचे ते जांभळे गोल पाहिले आणि एवढंच विचारलं, "पाठीवर कुनाच्या बश्या वाळत घातल्या होत्या?"

कंबर बरी झाली. गिलासांनी झाली की ते वीस मिनिटं निवांत पडून राहिल्यानं, हे मला अजून सांगता येत नाही.

त्याच उन्हाळ्यात आमच्या साहेबांची मान धरली, तीही डावीकडं वळलेली असताना. टंचाईचं सगळं काम त्यांच्याकडं. टँकर मागायला माणसं उजवीकडून येत आणि साहेब भिंतीकडं बघून बोलत. "साहेबानं गावाकडनं तोंड फिरवलं," अशी बातमी चार दिवसांत तालुकाभर झाली. शेवटी मी त्यांना अप्पांकडं नेलं.

अप्पांनी मानेपासून खांद्यांपर्यंत आठ गिलास लावले. तेवढ्यात रस्त्यावर गलका झाला. रिकाम्या घागरी घेऊन एका खेड्यातल्या बाया कचेरीवर निघाल्या होत्या. साहेब इथं आहेत हे त्यांना कुणी सांगितलं देव जाणे, पण पाच मिनिटांत पडदा बाजूला झाला आणि दहा-बारा जणी आत आल्या.

"काढा, काढा हे!" साहेब बाकड्यातूनच ओरडले.

"आता काडता येत न्हाई," अप्पा शांतपणे म्हणाले. "येळ व्हायचाय. बोला गं बायांनो. साहेब उठत न्हाईत, ऐकायलेत."

साहेबांना ऐकावंच लागलं. एक म्हातारी पुढं झाली, आठ गिलासांकडं बघत म्हणाली, "आमच्या घागरी रिकाम्या, सायबाच्या पाठीवरले गिलास बी रिकामे. पानी गेलं तरी कुठं?" एका पोरसवद्या सुनेनं तर पाय पुढं करून टाच दाखवली. दोन कोस रोज चालून भेगा पडल्या होत्या.

वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. मी अप्पांकडं बघितलं. अप्पा वरच्या फळीवरच्या बरण्या मोजत होते. "उद्या सकाळी टँकर पाठवतो," असं साहेब म्हणाले, तेव्हा कुठं ते वळले. "हां. आता येळ झाला."

दुसऱ्या दिवशी टँकर गेला. साहेबांची मानही सरळ झाली, मात्र पुढं महिनाभर ते बुशकोटाचं वरचं बटण लावून हिंडत होते.

पुढच्या चैत्रात एकदा भर दुपारी मी सहज अप्पांकडं गेलो. गल्ल्यावर कुणी नव्हतं. पडदा सारला, तर अप्पा उघड्या अंगानं उभे होते. एका हातात गिलास, आणि तो हात मागं नेऊन खांद्याच्या पात्यापर्यंत पोचवायची धडपड चालली होती. हात पोचत नव्हता. मला बघून ते पोरासारखे ओशाळले.

"अप्पा, द्या इकडं. मी लावतो."

"तुला काय येतंय?"

"तुम्ही सांगा, मी करतो."

ते मुकाट्यानं पालथे झाले. लातुरातल्या निम्म्या पाठी ज्याला पाठ होत्या, त्याची पाठ मी पहिल्यांदाच बघत होतो. अरुंद, हाडं वर आलेली. दुखतंय ते ठिकाण शोधायला मी तळहात ठेवला, आणि दुसऱ्या हातानं चिमटा उचलला.

"थांब," अप्पा म्हणाले.

मी थांबलो.

"गिलास ऱ्हाऊ दे. हात हाय तसाच ठिव." त्यांनी कपाळ बाकड्याला टेकवलं. मग बाकड्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "माजी बायकू गंगू गेल्यापून सोळा वरसं झाली. लोकाच्या पाठीला हात लावून ऱ्हायलो. आपल्या पाठीला कुनी लावला न्हाई."

मी चिमटा खाली ठेवला आणि दुसराही हात त्यांच्या पाठीवर टेकवला. बाहेर एक गिऱ्हाईक "अप्पा, ओ अप्पा" म्हणून हाका मारत होतं. अप्पा उठायला लागले. मी त्यांना तसंच दाबून धरलं आणि आतूनच ओरडलो, "घडीभरानं या! अप्पांना येळ नाही!"