सगळं गाव हात वर करतं

"या वेळेला गाडी अशी घेतो बघ, की पाच गावांनी तोंडात बोट घातलं पाहिजे," डेस्मंड सीपॉलनं चहाचा कप खाली ठेवत जाहीर केलं.

त्याची बायको रोझलिंड शिवणयंत्रावर शाळेच्या गणवेशाची बाही जोडत होती. तिनं बाही पुरी केली, दोरा दातानं तोडला आणि विचारलं, "मागच्या वेळी किती गावांनी घातलं होतं?"

मागची गाडी लाल होती. दिसायला अशी की रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा वळून बघायचं, आणि स्वभावाला अशी की आभाळ भरून आलं तरी बंद पडायची. त्रिनिदादमध्ये राहायचं आणि पावसाला घाबरायचं म्हणजे न्हाव्यानं केसांना घाबरण्यासारखं झालं. रोझलिंडच्या भावाच्या लग्नाला दोघं पोचली ती शहाळी विकणाऱ्याच्या ट्रकमधून. जरीच्या साडीतली रोझलिंड मागे शहाळ्यांच्या ढिगावर बसली होती. त्या दिवसानंतर ती लाल गाडीत बसली नाही. शिवलेले गणवेश पोचवायला ती टॅक्सीनं जायला लागली.

"हे बघ, मी रोज टॅक्सीत बसते," ती म्हणाली. "खड्डे, पूर, पुलावरचं पाणी, काही असो, त्या पांढऱ्या गाड्या बंद पडलेल्या मी बघितल्या नाहीत. त्यांचं पोट त्यांच्यावर चालतं. ते नखरे करणारी गाडी घेतील का? आणि सुटे भाग तर किराणा दुकानातसुद्धा मिळतात. तीच घे."

"माझ्याही मनात तेच होतं," डेस्मंड म्हणाला. हे त्याच्या मनात आत्ता, या क्षणी आलं होतं, पण नवऱ्यांच्या मनाचं वेळापत्रक कोण तपासतं?

अशी पांढरी, लांबुळकी, जपानमधून वापरून आलेली गाडी दारात उभी राहिली. किल्ली फिरवली की ती जपानी बाईच्या आवाजात काहीतरी नम्रपणे सांगायची. डेस्मंड तिला "बरं बरं" म्हणायचा आणि निघायचा. त्यांच्या बोआ-ब्लां गावापासून चॅग्वानास शहरापर्यंत जितक्या टॅक्सी धावत, त्यातल्या निम्म्या हुबेहूब अशाच होत्या. रंग तोच, चेहरा तोच, काचेवर लोंबणारी जपमाळसुद्धा तीच. नंबरची पाटी खासगी आहे की भाड्याची, हे पोलिसांशिवाय बघतो कोण? खासगी पाटीच्या गाड्याच तर बिनबोभाट टॅक्सी म्हणून धावत होत्या.

पण डेस्मंडला टॅक्सीच्या जगातलं काही ठाऊक नव्हतं. वीस वर्षांत त्यानं टॅक्सीत पाय ठेवला नव्हता. लाल गाडी बंद पडली तरी तो इज्जत म्हणून तिच्याशेजारीच उभा राहायचा.

आता दुसरी गोष्ट सांगायला हवी. डेस्मंड पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून नुकताच निवृत्त झाला होता. एवढी वर्षं खिडकीपलीकडून लोक "साहेब, नळाला पाणी नाही" म्हणून हात जोडायचे. निवृत्त झाल्यापासून त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. ब्रेडवाल्यानं एकदा त्याला "बाजूला व्हा काका" म्हटलं, तो घाव त्याच्या फार आत गेला होता. म्हणून त्यानं ठरवलं होतं, गाव परिषदेचं अध्यक्ष व्हायचं. जुने अध्यक्ष व्हिलाफाना यांचे गुडघे गेले होते, ते पद सोडणार होते. शनिवारच्या सभेत नवा अध्यक्ष निवडायचा होता. दुसरा कुणी उभाच नव्हता. डेस्मंड गुडघ्याला बाशिंग बांधून तयार होता.

आणि नव्या गाडीतून पहिल्याच सकाळी तो बाहेर पडला, तर काय आश्चर्य! कोपऱ्यावरच्या बाईनं त्याला बघून हात वर केला. पुढच्या वळणावर दोघा पुरुषांनी केला. चर्चपाशी तर रांगच्या रांग, सगळ्यांचे हात वर. त्यानं हॉर्न वाजवला, खिडकीतून हात काढून जोरात हलवला, हसला आणि भुर्रकन निघून गेला.

घरी येऊन तो स्वयंपाकघरात नाचलाच. "रोझ, गाव पेटलंय! काही लोक नुसता हात नाही करत, एक बोट दाखवतात. म्हणजे काय? तूच एक नंबर! काही दोन बोटं दाखवतात, विजय! एक म्हातारा तर बोट खाली जमिनीकडे रोखून दाखवत होता."

"त्याचा काय अर्थ?"

"हे गाव, ही माती तुझी आहे."

रोझलिंडनं भाताखालचा गॅस बारीक केला. बोआ-ब्लांमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की एक बोट म्हणजे मी एकटा आहे, दोन म्हणजे आम्ही दोघं, आणि खाली रोखलेलं बोट म्हणजे फार लांब नाही, इथंच जवळ सोड. आणि ड्रायव्हरनं हॉर्न दिला म्हणजे जागा आहे, थांबतोय.

"डेस्मंड, ऐक, ते हात..."

"ते हात माझे आहेत रोझ. माझ्यासाठी आहेत." त्याचे डोळे खरंच भरून आले होते. "निवृत्त झाल्यावर माणसाला कुणी विचारत नाही म्हणतात. बघ."

त्याचा तो चेहरा बघून तिला पुढचं बोलवेना. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा तोंड उघडलं, तर तो आरशासमोर हात हलवायचा सराव करत होता. पालथ्या घड्यावर पाणी.

सकाळी गाडी डेस्मंडची, दुपारी चारनंतर रोझलिंडची, अशी वाटणी होती. सकाळी तो प्रचाराला निघायचा, म्हणजे गावभर हॉर्न वाजवत, हात हलवत, रिकामी गाडी मिरवत जायचा. मागं धुळीत उभी राहिलेली माणसं काय म्हणायची, ते त्याच्या कानापर्यंत जात नव्हतं. बरं झालं.

संध्याकाळी रोझलिंड गणवेश पोचवायला निघायची. वाटेत कुणी हात केला की ती थांबायची. वर्षानुवर्षं स्वतः अशीच हात करून उभी राहिलेली बाई, ती कशी पुढे जाईल? "बस बस, त्याच बाजूला चाललेय." कुणी पैसे काढले की म्हणायची, "ठेव गं, माझी कुठं टॅक्सी आहे?" मग उतरताना कुणी आंबे ठेवून जायचं, कुणी भाजीची जुडी, मासळीवालीनं तर एकदा अख्खा मासा ठेवला.

सकाळी डेस्मंडला मागच्या सीटवर आंबे सापडले. "लोक गाडीत भेटी ठेवून जातायत," तो भारावून म्हणाला. "रात्रीत. गुपचूप. नाव न सांगता."

"अरे, ते मला..."

"तुझ्यामार्फत दिले असतील. लाजतात बिचारे."

हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या पाठी, ती ही अशी.

गुरुवारी तर कहर झाला. बाजारातल्या सिग्नलपाशी गाडी थांबली, तेवढ्यात मागचं दार उघडून मर्ल मावशी आत बसली. मर्ल मावशी म्हणजे गावातलं सगळ्यात वजनदार माणूस, दोन्ही अर्थांनी. "गुड मॉर्निंग," ती म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसली. टॅक्सीत बसल्यावर बसतात तशी.

डेस्मंडला वाटलं, ही प्रचारात सामील व्हायला आली. तो इतका खूश झाला की वळायचं तिथं वळलाच नाही.

"मावशी, आधी तुम्हाला ते तुंबलेलं गटार दाखवतो."

"मला दवाखान्यात जायचंय."

"दवाखान्याचंही बघणार आहे मी! पण एकेक. आधी गटार."

त्यानं तिला गटार दाखवलं. मग मोडका पूल दाखवला. मग क्रिकेटच्या मैदानावर नेऊन शौचालय कुठं बांधणार ती जागा दाखवली. मावशीचा डॉक्टर दुपारपर्यंतच असतो. दवाखान्याच्या दारात ती उतरली तेव्हा शिपाई कुलूप लावत होता. तिनं पाच डॉलरची नोट डेस्मंडच्या हातावर आपटली आणि दार असं लावलं की जपानी बाई आपोआप बोलायला लागली.

डेस्मंडनं ती नोट घरी आणून देवासमोर ठेवली. "निवडणूक निधी," तो म्हणाला. "न मागता दिला."

रोझलिंडनं डोक्याला हात लावला. "कुणी दिला?"

"मर्ल मावशीनं. आपलं पक्कं माणूस आहे."

शनिवारी संध्याकाळी समाजकेंद्राचं सभागृह खच्चून भरलं. गुडघ्यांवर हात टेकून व्हिलाफाना उभे राहिले. "अध्यक्षपदासाठी डेस्मंड सीपॉल यांचं नाव आलं आहे. आणखी कुणी?"

डेस्मंड इस्त्रीच्या शर्टात पहिल्या रांगेत बसला होता. भाषण पाठ होतं. सुरुवातच "तुमचे वर झालेले हात मी विसरणार नाही" अशी होती.

मागून मर्ल मावशी उठली. "मला बोलायचंय. हा माणूस रोज सकाळी रिकामी गाडी घेऊन येतो. हॉर्न देतो. आपल्याला वाटतं थांबतोय. मग हसतो, हात हलवतो आणि निघून जातो. आपली टिंगल करतो!"

"माझ्या आईला भर उन्हात हात हलवून गेला," कुणीतरी ओरडलं.

"मी दोन बोटं दाखवली, यानं मला उलटी दोन दाखवली."

डेस्मंडच्या डोक्यात एकेक हात, एकेक बोट उलगडत गेलं. कोपऱ्यावरची बाई. चर्चपुढची रांग. मातीकडे रोखलेलं म्हाताऱ्याचं बोट. आंबे. पाच डॉलर. त्यानं शेजारी रोझलिंडकडे बघितलं. ती हळूच म्हणाली, "मी दोनदा सांगायला आले होते रे."

"आणि तीच गाडी," मर्ल मावशीचं अजून संपलं नव्हतं, "संध्याकाळी ही रोझलिंड चालवते. प्रत्येकासाठी थांबते. काल मला चॅग्वानासच्या दवाखान्यात नेलं, परत आणलं, पैसा घेतला नाही. मी तिचं नाव सुचवते."

"अहो, मी कशाला?" रोझलिंड म्हणाली, पण ते टाळ्यांत बुडालं.

व्हिलाफानांनी चष्मा सारखा केला. "डेस्मंड सीपॉल यांच्या बाजूनं हात वर करा."

एकच हात वर झाला, तो रोझलिंडचा. डेस्मंडला त्या एका हाताचं फार वाटलं.

"रोझलिंड सीपॉल यांच्या बाजूनं?"

सभागृहात जंगल उगवावं तसे हात वर गेले. सगळे. डेस्मंडनं मागं वळून बघितलं, आणि इतक्या दिवसांची सवय जाते कुठं? समोर हात दिसले, तसा त्याचा उजवा हात आपोआप वर गेला आणि जोरात हलायला लागला.

"उमेदवारांचंही मत रोझलिंडबाईंना," व्हिलाफाना गहिवरून म्हणाले. "आणि किती आनंदानं! असा मोठ्या मनाचा माणूस मी पाहिला नाही."

त्यावर डेस्मंडला खरीखुरी टाळी मिळाली. त्यानं हात खाली घ्यायचा प्रयत्न सोडून दिला.

घरी निघताना नव्या अध्यक्षबाई पुढे बसल्या, मागे मर्ल मावशी आणि आणखी दोघी. गाडी सुरू झाली, जपानी बाई बोलली, आणि पहिल्याच कोपऱ्यावर कुणीतरी हात वर केला. डेस्मंडचा हात खिडकीकडे निघाला.

"डेस्मंड," रोझलिंड म्हणाली, "ब्रेक."

त्यानं ब्रेक दाबला. माणूस आत दाटीवाटीनं बसला, "गुड इव्हिनिंग" म्हणाला. या वेळी कुणालाही गटार दाखवण्यात आलं नाही. आपल्या दारापाशी मर्ल मावशी उतरली, खिडकीशी वाकली आणि पाच डॉलरची नोट पुढे केली.

"राहू दे मावशी," डेस्मंड कसाबसा म्हणाला. "रोझलिंड घेत नाही."

"अध्यक्षबाई घेत नाहीत," मावशी म्हणाली. "तू ड्रायव्हर आहेस. तू घे."