हँडलची टेप आणि सासुरवाडीचा मान

शाम सरांनी सायकलच्या हँडलला गुंडाळायची टेप निवडायला एकोणीस दिवस घेतले. शाम सर म्हणजे मीच. पण ही हकीकत 'मी' म्हणून लिहायला बसलं की पेन पुढे सरकत नाही, म्हणून आपण त्यांना शाम सरच म्हणू. पांढरकवड्याच्या कॉलेजात ते भूगोल शिकवतात आणि उरलेल्या वेळात सगळ्यांना सगळंच शिकवतात.

सायकल जुनी, रेसची, खाली वळलेल्या हँडलची. त्यावर मऊ पट्टी गुंडाळली नाही तर हात घसरतो. सर रोज फोनवर रंग बघायचे आणि उसासे टाकायचे.

"काळी घ्या ना," त्यांची बायको सुरभी म्हणाली. "मळत नाही."

"काळी तर कोणीही घेते."

"मले पाहायले आलते तवा दहा मिनिटात हो म्हणून गेलते. अन् या पट्टीले एकोणीस दिवस?"

"अवं, टेप रोज हातात राहते ना!"

हे वाक्य बोलायचं नव्हतं, हे सरांना बोलून झाल्यावर कळलं. त्या दिवशी जेवणात नुसतं वरण होतं. शेवटी त्यांनी पांढरी टेप मागवली, आणि मन काही केल्या ठरेना म्हणून गुपचूप काळीही मागवली.

सरांचा अकरा जणांचा सायकलवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता आणि सर त्याचे ॲडमिन होते. कॉलेजात पोरं त्यांचं ऐकत नाहीत, घरात कोणी ऐकत नाही. या दुनियेत त्यांचं ऐकून घेणारी तेवढी एकच जागा. तिथं ते चार महिने टेपच्या फिनिशिंगवर लांबलचक मेसेज टाकत होते. वीज ऑफिसातला बबलू एक दिवस वैतागला.

"सर, नुसतं सांगता कायले? करून दाखवा ना! ऐतवारी आपण सगळे मुकुटबनले तुमच्या सासरी पोहे खायले येऊनच राह्यलो. जमलं तर माह्यी सायकल बी तुम्हीच गुंडाळा. नाही जमलं तर ॲडमिनकी सोडा."

सरांनी ताबडतोब हो म्हटलं. कमी बोलण्याची सवय नसली की असं होतं.

शनिवारी दुपारी सासऱ्यांच्या ओसरीवर काम सुरू झालं. आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. जावयाची चूक दाखवायची नसते. त्यानं शर्ट उलटा घातला तरी सासरची माणसं म्हणतात, नवीन फॅशन असेल. सरांनी पांढरी टेप हँडलच्या मधून सुरू केली, दात ओठ खाऊन ओढली आणि फट राहू नये म्हणून एकावर एक तीन थर दिले. टोकापर्यंत येता येता टेप संपली. चार बोटं लोखंड उघडंच राहिलं.

"कसं झालं, मामाजी?"

सासरे उकंडाजी यांनी पन्नास वर्षं पोळ्याला बैल सजवलेले. त्यांनी हँडलकडे पाहिलं, दोनदा खाकरले आणि म्हणाले, "मस्त झालं, जवाईबापू."

"कंपनीनं टेप कमी देली."

"कंपन्या लुच्च्याच राहते."

"मंग आता कसं करता?" सासूबाई, इंदूबाई, काळजीनं म्हणाल्या.

"थोडी चिकटपट्टी भेटली असती तर..."

जावयानं तोंडानं काही मागितलं म्हटल्यावर घर उठलं. कोणी दवाखान्यातून जखमेवरची पट्टी आणली, कोणी शेजारून बँडेज आणलं. आणलेलं परत कसं करायचं म्हणून सरांनी सगळंच गुंडाळलं. संध्याकाळी शेजारचे खेमसिंग ओसरीपुढून जाता जाता थांबले आणि हळहळून म्हणाले, "सर, कोठी पडलते? जास्त लागलं का?"

रविवारी सकाळी सरांनी ते सगळं सोलून काढलं आणि काळी टेप बाहेर काढली.

"बाप्पा! हे कवा घेतली?" सुरभी म्हणाली. सरांना उत्तर द्यावं लागलं नाही, कारण तेवढ्यात फाटकातून घंट्या वाजवत सगळा ग्रुप आत आला.

"बरं झालं," बबलू मांडी घालून बसला. "आता आमच्यासमोरच होऊन जाऊ द्या."

सरांनी टेपचं टोक पुन्हा हँडलच्या मध्यावर टेकवलं, आणि गोठ्याच्या भिंतीआडून उकंडाजींचा आवाज आला.

"अबे पवळ्या, मधातून कायले सुरू करतं? टोकाकून धर ना! शिंगाले बेगड लावतेत तवा टोकाकून बुडाकडं येतेत."

सरांचा हात थांबला. त्यांनी टेप उचलली आणि मुकाट्यानं हँडलच्या टोकाला लावली.

"हां. आता ओढू नको लय, तुटन! अर्ध्यावर अर्धी येऊ दे. काल कसा तीन तीन थर देऊन राह्यलता, येड्या!"

सर अर्ध्यावर अर्धी आणत गेले. टेप सुरेख बसत गेली. टेप सुटू नये म्हणून शेवटी बारीक चिकटपट्टी लावल्यावर वर चार बोटं टेप उरली, तेव्हा त्यांना गहिवरून आलं.

"कमाल हाय सर!" बबलू म्हणाला. "पण काका कोणाशी बोलून राह्यले?"

"बैलाशी. पोळा जवळ आला ना. समजावून सांगून राह्यले त्याले."

"बैल सोताच लावते का बेगड?"

सर यावर काहीतरी विद्वत्तापूर्ण बोलणार होते, पण इंदूबाई पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आल्या. "कोणता बैल? बंडीले जुपून पहाटीच वावरात गेला. गोठ्यात हे एकटेच बसून हायेत कवाचे."

सगळा ग्रुप सरांकडे बघत राहिला. उकंडाजी धोतराला हात पुसत बाहेर आले. बिचारे मनापासून ओशाळले होते.

"जवायाले सांगता येत नाही ना, भाऊ," ते बबलूला म्हणाले. "म्हणून बैलाले सांगतलं."

बबलूनं आपली सायकल आणि टेप दोन्ही उकंडाजींपुढे ठेवली. पोहे संपायच्या आत एकमतानं ठराव झाला: ॲडमिन बदलायचे, नवे ॲडमिन उकंडाजी. त्यांचा फोन बटणांचा होता, म्हणून त्यांच्या वतीनं त्यांच्या मुलीचा, म्हणजे सुरभीचा, नंबर टाकण्यात आला.

सुरभीनं ओसरीवर बसल्या बसल्या पहिला नियम टाकला: दोन ओळींपेक्षा मोठा मेसेज कोणी टाकू नये.

सरांनी लगेच विरोध लिहून पाठवला. तो सात ओळींचा झाला.