मोठ्या बाईंचं दुसरं पाणी

आमच्या मोठ्या जाऊबाई प्रार्थनेला डोळे मिटतात तेव्हा एकच मिटतात. दुसरा ड्यूटीवर असतो.

का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "दोन्ही मिटले तं कोण काय करून राह्यलं ते कसं समजंन वं?" बाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. सगळी नोकरी चिखलीहून अमडापूरला जाऊन-येऊन काढली, निवृत्त झाल्या, पण तपासायची सवय काही गेली नाही. पूर्वी नाडी बघायच्या, आता मंडळी बघतात. मंडळी म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांत ज्याच्या-त्याच्या चर्चची जमात. बाहेरच्यांना वाटतं, ख्रिश्चन म्हणजे सगळे एकच. एकच कसले! जुन्या मिशनवाले, कॅथलिक, टाळ्या वाजवणारे, पाण्यात बुडवणारे, रविवार सोडून शनिवार पाळणारे. पाहुणा दारात आला की बाई पाणी विचारायच्या आधी विचारतात, "मंडळी कोणची?" त्याने उडवाउडवी केली तर त्याला जेवायला बसवतात आणि प्रार्थनाही त्यालाच करायला लावतात. मग उघड्या डोळ्याने निदान. वरण निवेपर्यंत प्रार्थना चालली तर टाळ्यावाला. भाकरी मोडायच्या आत संपली तर कॅथलिक. आणि प्रार्थनेत स्वयंपाक करणाऱ्या भगिनीचे आभार मानले तर आपला माणूस. त्याच्या भाकरीवर लोणी जास्त.

"आपून पक्के," हे त्यांचं पालुपद. पणजोबापासून एकच मंडळी, एकच देऊळ. हो, आमच्याकडे जुने लोक चर्चला देऊळच म्हणतात. पहिल्या बाकावर त्यांची जागा. कोणी त्यावर नाव लिहिलेलं नाही, पण बसून दाखवा! गीताचं पुस्तक त्यांच्या मांडीवर असतं ते नुसतं शोभेला, उघडायची गरज पडत नाही. पाळकसाहेब उपदेश करताना बायबलच्या एखाद्या वचनावर अडखळले तर बाई पहिल्या बाकावरून ते पुरवतात, तेही मोठ्याने.

आणि मी? मी स्टेला. आई कॅथलिक, वडील दुसऱ्याच पंथाचे, शिक्षण जालन्याला कॉन्व्हेंटच्या सिस्टर लोकांच्या हॉस्टेलात, आणि लग्न या पक्क्यांच्या घरात. मला आज कोणी विचारलं की तू नक्की कोण, तर मी आधी विचारणाऱ्याचा चेहरा बघते. रस्त्यात अंत्ययात्रा दिसली की माझा हात क्रूसाची खूण करायला आपोआप कपाळाकडे जातो, मग आठवतं की सासरी हे चालत नाही, आणि मी केस सारखे करते. बाईंच्या त्या डोळ्यातून हे कधीच सुटलं नाही. "तुही केस लय गुंतागुंतीची हाय, स्टेला," म्हणायच्या. "औषधच सुचत नाई मले."

मी वरून हसायची. आतून जळायची. खोटं कशाला बोलू? मला त्यांच्या साडीचा, दागिन्याचा कधी हेवा वाटला नाही. मला हेवा होता तो त्यांच्या पक्केपणाचा. सकाळी उठून आपण कोण हे ज्या बाईला आठवावं लागत नाही, तिच्याशेजारी वीस-बावीस वर्षं भाजी चिरून बघा म्हणजे कळेल. देवापाशी मी कित्येकदा मागितलंय की हिला एकदा, फक्त एकदाच, डळमळताना दाखव.

देवाने ऐकलं, पण ते त्याच्या पद्धतीने.

बाईंचा एकुलता एक मुलगा आशिष. वडील तो कॉलेजात असतानाच गेले. पुण्याला कंपनीत आहे. तिथे तो एका नव्या मंडळीत जायला लागला, पाण्यात बुडवणाऱ्यांच्या. मागच्या नाताळला घरी आला आणि ऐन जेवणाच्या वेळी म्हणाला, "आई, तुझा बाप्तिस्मा झालेलाच नाही. तान्ह्या पोराच्या कपाळावर चार थेंब पाणी, त्याला बाप्तिस्मा म्हणत नाहीत."

बाई मटण वाढत होत्या. वाटीत पळी तशीच राहिली. "मंग मी काय इतकी वर्सं नुसती ओली झाली होती का?"

आम्ही सगळे हसलो. आशिष हसला नाही. दोघांत अशी जुंपली की विचारू नका. वचनाला वचन, आईही कमी नाही आणि पोरगाही तिचाच. दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघून गेला. पुढे फोन यायचे ते "बरी आहेस ना" एवढेच. बाई फोन ठेवायच्या आणि उगीच डबे घासत बसायच्या.

उन्हाळ्याच्या तोंडावर आशिषने मला फोन केला. मला वाटलं पगारवाढ वगैरे असेल. तो रडत होता. एवढा मोठा बाप्या! "काकू, मला रात्री झोप येत नाही. मी वर जाईन आणि तिथे आई नसेल, हेच डोळ्यापुढे येतं. तुम्ही तिला सांगा ना. आमचे लोक देऊळघाटला येणार आहेत, बाप्तिस्म्याचं पाणी द्यायला. तिने एकदा यावं."

माझ्या जिवाला असं काही गार वाटलं म्हणता! घ्या, आला बाईंचा पक्केपणा कात्रीत. कारण आमच्या मंडळीत दुसऱ्यांदा पाणी घेतलं की प्रभुभोजन बंद. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर आणि द्राक्षरस वाटतात, तेव्हा असा माणूस जागेवर बसून राहतो आणि सगळी मंडळी त्याच्याकडे बघते. आणि हा नियम कमिटीपुढे उभं राहून लावून धरला होता कोणी? बाईंनीच. पोराकडे जावं तर देऊळ जातं, देवळाला धरावं तर पोरगा जातो. आता बघू, म्हटलं.

मी निरोप तिखट-मीठ लावून सांगितला. बाई मेथी निवडत होत्या. मी वादळाची वाट बघत उभी. त्यांनी एवढंच विचारलं, "झोपत नाई म्हणतो?"

"नाही म्हणतो."

"लहानपणीबी असाच होता. मी रातपाळीवर गेली की जागाच राहे." मग पुन्हा मेथी. जुडी संपल्यावर म्हणाल्या, "कधी येऊन राह्यले ते लोकं?"

देऊळघाटला आशिषच्या शाळेतल्या मित्राचा, गजाननचा, भाजीचा मळा आहे. त्याच्या विहिरीजवळच्या सिमेंटच्या हौदात कार्यक्रम ठरला होता. गजानन काही ख्रिस्ती नाही, मैत्रीखातर हौद दिला होता, पण त्याचा जीव कोबीत. "दादा, लवकर आटपा," तो दर पाच मिनिटांनी सांगून जायचा, "लाईन जायच्या आत मले पाणी द्या लागते." बाई पांढरं लुगडं नेसून, पदर खोचून हौदाच्या कडेला उभ्या राहिल्या. मी टॉवेल घेऊन मागे. पास्टर म्हणजे विशीतला पोरगा, फार गोड बोलणारा. पाण्यात उतरून त्याने हात जोडून विचारलं, "आई, येशूला तुम्ही आपला तारणारा म्हणून स्वीकारता का?"

"तुह्या जन्माच्या आधीपासून," बाई म्हणाल्या.

"जुनं जीवन मागे सोडता का?"

"जुन्यात काय खराब हाय ते सांग, मंग सोडतो."

पोरगा गांगरला. आशिष काठावरून कळवळून म्हणाला, "आई, अगं..." बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो सुकला होता, डोळ्याखाली काळं. मग त्या गुमान दोन पायऱ्या उतरल्या आणि पास्टरला हळूच म्हणाल्या, "बुडव बापा. मी पक्की हाय, पाण्यानं काई जात नाई माहं. पण लेकराले झोप लागली पायजे."

बुडाल्या आणि वर आल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, गजाननने हौदाची झडप काढली आणि ते पाणी गेलं कोबीला. आशिष कपड्यानिशी आईला बिलगला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. बाई त्याच्या पाठीवर थोपटत राहिल्या. "झोप आता. झोप बरं, बापा."

मी टॉवेल घेऊन तशीच उभी. इतकी वर्षं बाईंना डळमळताना बघायचं होतं, आणि त्या कमरेभर पाण्यातही हलल्या नव्हत्या. पण खरं सांगू? माझा जुना हेवा त्या क्षणी कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला, दहापट वाईट. मी वर पोचेन की नाही, या काळजीने कधी कोणाची झोप उडाली? माहेरच्यांनी धरलं की गेली ती तिकडे. सासरच्यांनी धरलं की आली तशी आहे. माझ्यासाठी कोणी हौदाच्या काठावर रडलं नाही.

जेवणं मळ्यातच होती, पण बाई लुगडं बदलायलाही थांबल्या नाहीत. आम्ही दोघी ऑटोत बसलो. वाटेत म्हणाल्या, "रविवारी पाळकसाहेबाले मीच सांगतो."

"कशाला सांगता? कोणाला कळणार आहे?"

"नियम मी लावला. मले लागू नाई का?" मग अगदी बारीक आवाजात, "आता भाकर भेटणार नाई मले." त्यांचा आवाज असा मी कधीच ऐकला नव्हता. मी धीर द्यायला हवा होता. पण माझ्या तोंडाला काय झालं कोण जाणे. "तुमचं बरं आहे बाई," मी म्हटलं. "तुमच्यासाठी रडणारं कोणीतरी आहे. आम्हाला कोण आहे?"

बाईंनी मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी दवाखान्यात खोटा ताप घेऊन आलेय.

"काऊन वं? मी मेली का?" ऑटोवालाही दचकला. "तू लग्न होऊन आली तवापासून दररोज देवासंग भांडून राह्यली मी तुह्यापायी. त्याले म्हणतो, ही कोणाची हाय ते तुह्ये तू पाय. कॅथलिकाची असो, नाई तं कोणाची असो. पण मी वर आली की ही मले शेजारी पायजे. नाई तं तिथं मी बोलू कोणाले?"

मी बाहेर ज्वारीची धसकटं बघत बसले. डोळ्यांना पदर लावला तर तो वाऱ्याने सारखा उडत होता.

"पदर घे नीट अंगावर," बाई खेकसल्या. "गार वारा लागून राह्यला, बिमार पडशीन."

ओल्या त्या होत्या.